चार बोटं काच

मामांनी मला पहिल्यांदा हटकलं ते एका बोटावरून. शाळेत रुजू होऊन मला तीनच दिवस झाले होते. प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात पाच फुटी फिश टँक होता आणि त्यातला काळा मॉली मासा पाचवीच्या मुलींना दाखवताना मी काचेवर बोट टेकवलं. मामा कुठून आले ते कळलं नाही. खांद्यावरचं फडकं काढून त्यांनी माझ्या बोटाचा ठसा पुसला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, पोरींस्नी डोळं हायत. बोटाचं काय काम?" मुली फिसकन हसल्या. मी एमएस्सी, तीही केमिस्ट्रीतली, आणि खांद्यावर फडकं टाकून हिंडणाऱ्या माणसाने मला मुलींसमोर शिकवावं याचा मला इतका राग आला की तो मी पुढे दोन वर्षं जपला. नंतर जे झालं त्यात त्या रागाचाही वाटा आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

मामा म्हणजे सांगलीतल्या आमच्या कन्याशाळेचे प्रयोगशाळा परिचर. शाळेत तसे चार-पाच मामा होते, पण नुसतं 'मामा' म्हटलं की हेच. उंच, काटकुळे, अंगावर खाकी पँट आणि पायांत करकर वाजणाऱ्या जाड धनगरी वहाणा. त्या वहाणा घालूनच ते मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, केबिनमध्ये बिनदिक्कत जात, पण टँकपाशी आले की बाहेर काढून ठेवत. आवाजाने मासे दचकतात असं त्यांचं म्हणणं होतं. मोठ्या बाई दचकत असतील याची त्यांनी कधी फिकीर केली नाही.

ते मूळचे जतच्याही पलीकडचे. लहानपण मेंढरांमागे गेलेलं. त्यांच्या गावाकडच्या पाण्याविषयी मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आमी पानी आनाया न्हवं, बघाया जायाचो." तिकडे कानडी आणि मराठी दोन्ही चालतात. मामा माणसांवर मराठीत रागवायचे आणि माशांवर कानडीत. कानडीतला राग त्यामानाने पुष्कळच प्रेमळ वाटायचा.

मासे मोजायची त्यांची तऱ्हा तर बघण्यासारखी. रोज मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना मोजणी व्हायची. शर्टाच्या डाव्या खिशात चिंचोके असत. एक मासा दिसला की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. डावा खिसा रिकामा झाला म्हणजे कळप पुरा. आकडा तोंडाने सांगायचा नाही, कुणी विचारला तर, "हायत तेवढं हायत." पाचवीच्या मुली काचेपासून वीतभर लांब हात मागे बांधून उभ्या राहत आणि तो बघ, तो झाडामागचा राहिला, असं कुजबुजत. वर्गात ज्यांना मी पाच मिनिटं गप्प बसवू शकत नव्हते त्या मुली तिथे श्वास धरून उभ्या असत, हेही मला आवडत नव्हतं.

शाळेला पाणी बोअरचं. इतकं जड की चहाच्या पातेल्याला महिनाभरात आतून पांढरं अस्तर चढायचं आणि प्रयोगशाळेच्या परीक्षानळ्या दुधाने धुतल्यासारख्या दिसायच्या. टँकमधलं पाणी उन्हाने आटलं की काचेवर पांढरी रेघ उरे, वरून भर घातली की तिच्यावर दुसरी. "दगूड पिऊन येतंय पानी, आनि काचंवर ओकतंय," मामा म्हणत. रोज सकाळी आटलं तेवढंच पाणी घालून आणि कडा कोरडी करून ते ही रेघ उठूच देत नसत. तरीही कुठे पांढरं धरलंच, तर तिथे त्यांचं निंबू सुरू व्हायचं.

आधी पाणी थोडं खाली घ्यायचं. लिंबाच्या रसात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं डागावर दाबून बसवायचं, थेंब खाली ओघळता कामा नये. अर्ध्या तासाने काढायचं, ओल्या कपड्याने टिपायचं, पुन्हा बसवायचं. मऊ पडलेला थर दाढीच्या जुन्या पत्तीने, पत्ती काचेला अगदी आडवी धरून, सोलायचा. एका दिवसात चार बोटं काच, त्याच्या वर नाही. पाचवं बोट मोकळं दिसत असलं तरी फडकं खांद्यावर. साबणाचा तर वाससुद्धा त्यांनी टँकजवळ येऊ दिला नाही. शिवाय टँकमधून काढलेलं जुनं पाणी ते फेकत नसत. जिन्याखाली दोन कॅन भरून ठेवलेले असत आणि बाकीचे शिपाई त्याला मामांचं तीर्थ म्हणून हसत.

मी एकदा त्यांना समजावून सांगायला गेले. हा डाग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तुमचं निंबू म्हणजे दुबळं आम्ल, आपल्या कपाटात याहून जोरकस आम्ल आहे, दोन मिनिटांत सगळं जाईल. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जाईल की. पर जाईल कुटं?"

मला वाटलं, अडाणी माणूस, याला काय सांगायचं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झालं आणि ते महिनाभर रजेवर गेले. त्या महिन्यात दुसऱ्या शिपायांनी टँकमध्ये बादल्यांनी पाणी ओतलं, कधी ओतलं, कधी विसरले. मासे जगले, पण काच अशी माखली की आतले मासे धुक्यातून पोहताहेत असं वाटायचं. मामा काळा चष्मा लावून परत आले, टँकपुढे उभे राहिले. डावा खिसा उजवीकडे रिकामा केला, मग निंबू कापलं.

त्याच आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष सोमवारी शाळेत येणार असल्याची बातमी आली. माझं त्यात काय अडकलं होतं ते सांगायला हवं. मी तासिका तत्त्वावरची शिक्षिका. जेवढे तास शिकवीन तेवढाच पगार, सुट्टीचा नाही, आजारपणाचा नाही, पुढच्या वर्षी असेनच याची खात्री नाही. असं माझं तिसरं वर्ष. माझ्या कायम नेमणुकीची फाईल अध्यक्षांच्या टेबलावर होती आणि रहिमतपूरहून माझ्या वडिलांचा, आबांचा, रोज संध्याकाळी फोन येई, सही झाली का म्हणून. मी नाही म्हटलं की ते ऊसतोडीचं काहीतरी बोलत.

शनिवारी सकाळची शाळा. मोठ्या बाई व्हरांड्यात आल्या, टँककडे बघून त्यांचं तोंड कडू झालं. कधी होणार, असं त्यांनी मामांना विचारलं. गुरवारपतुर हुईल, मामा म्हणाले. सोमवारी सकाळी अध्यक्ष याच व्हरांड्यातून जाणार, फोटो निघणार, ते संस्थेच्या ग्रुपवर जाणार. मोठ्या बाईंनी हे सगळं सांगितलं. मामांनी बोटांनी काच मोजून दाखवली, दिवसाला चार बोटं, आणि गुरवार पुन्हा सांगितला. मग मोठ्या बाई मला केबिनमध्ये घेऊन गेल्या. "तुम्ही केमिस्ट्रीच्या ना? बघा काहीतरी. अध्यक्षांना मी तुमचं नाव सांगणारच आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

शाळा सुटली, मामा मोजणी करून गेले. त्या दिवशी ते मुद्दाम मागे वळून म्हणाले होते, उद्या सकाळी येतोच मी. रविवारीही ते माशांसाठी यायचे. मी व्हरांड्याचं जाळीचं दार आतून लावून घेतलं, रबरी हातमोजे चढवले आणि कपाटातून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली काढली.

स्पंज टेकवल्याबरोबर काचेवर फसफस उठली. तीन वर्षं फळ्यावर लिहीत आलेलं समीकरण माझ्या डोळ्यांदेखत खरं होत होतं. जिथे स्पंज जाई तिथे काच लख्ख, मामांची चार बोटं मी हाताच्या एका फटकाऱ्यात साफ करत होते. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. अर्ध्या काचेवर मी स्पंज पिळायचंसुद्धा सोडून दिलं. आम्ल काचेवरून ओघळून पाण्यात उतरत होतं आणि ते मला दिसत होतं. थोडंसंच आहे, एवढ्या पाण्यात काय होणार, असं मी मनात म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं.

मग तळाच्या पांढऱ्या संगमरवरी खड्यांतून बुडबुडे सुटायला लागले. आधी दोनचार, मग सगळीकडून. मासे वर आले. पृष्ठभागाला तोंडं लावून ते हवा ओढत होते, सगळे एकाच वेळी, आणि त्याचा बारीक पचपच आवाज येत होता. काळा मॉली आडवा झाला, सरळ झाला, पुन्हा आडवा झाला. मी बादलीने पाणी उपसलं, नळाचं ओतलं, पुन्हा उपसलं. थोड्या वेळाने बुडबुडे कमी झाले. काही मासे खाली गेले, पोहत गेले की बुडत गेले हे मी नीट बघितलं नाही. मी काच कोरडी केली, बाटली जागेवर ठेवली, कुलूप लावलं आणि खोलीवर गेले.

तो रविवार मी विसरणार नाही. माझी खोली शाळेपासून दहा मिनिटांवर होती. दहा मिनिटांत जाऊन बघता आलं असतं. मामांना फोन करता आला असता, नंबर होता माझ्याकडे. मी कपडे धुतले, वह्या तपासायला घेतल्या, एक वही चार वेळा तपासली. आबांचा फोन आला, उद्या अध्यक्ष येणार न्हवं, म्हणाले. हो म्हटलं. नीट बोल त्यांच्याशी, म्हणाले. शाळेतून कुणाचाच फोन आला नाही आणि त्यानेच जास्त भीती वाटत होती.

सोमवारी टँकची काच इतकी स्वच्छ होती की काच आहे हेच कळत नव्हतं. आत नऊ मासे होते. बत्तीसातले नऊ. रविवारी सकाळी मामांनी व्हरांड्याचं दार उघडलं तेव्हा बाकीचे पाण्यावर आले होते. जे हलत होते ते त्यांनी जिन्याखालच्या कॅनमधल्या जुन्या पाण्यात काढले, सबंध टँक उपसून धुतला आणि संध्याकाळी उरलेल्यांना परत सोडलं, हे मला दुसऱ्या शिपायाने सांगितलं. मामा टँकशेजारी काळा चष्मा लावून उभे होते. वहाणा लांब काढलेल्या होत्या.

अध्यक्ष आले, थांबले, काच बघून खूश झाले. मग त्यांनी विचारलं, एवढ्या मोठ्या टँकमध्ये मासे एवढेच? मला टँक साफ करायला मोठ्या बाईंनीच सांगितलं होतं, तेव्हा त्यांना कळायचं ते कळलंच असणार. त्या माझ्याकडे बघून मामांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आमच्या मामांचं नुकतंच डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. साफ करताना दिसलं नसेल, भलतंच काही ओतलं गेलं." अध्यक्षांनी मान हलवली. वय झालं की असं व्हायचंच, आता त्यांच्यावर जोखमीचं काम टाकू नका, प्रयोगशाळेचा चार्ज या बाईंकडे द्या, असं सांगून ते पुढे गेले. मामांच्या निवृत्तीला चार महिने होते. काळ्या चष्म्यामुळे त्यांची नजर कुठे आहे ते मला दिसत नव्हतं. मी फोटोत उभी राहिले.

मंगळवारी चार्ज द्यायचा ठरला. मामा यादी वाचत होते, एकेक वस्तू टेबलावर ठेवत होते, मी खूण करत होते. चंचुपात्रं, नरसाळी, स्पिरिटचे दिवे. मग रसायनांचं कपाट आलं. मामांची एक सवय मला तोवर माहीत नव्हती. प्रत्येक बाटलीच्या लेबलवर ते आतल्या मालाच्या पातळीला पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवत. एकेका बाटलीची रेघ आणि पातळी दाखवून ते पुढे जात होते. आम्लाची बाटली त्यांनी हातात घेतली आणि उजेडात धरली. "रेग हितं," ते म्हणाले. अंगठा दोन बोटं खाली आला. "माल हितं."

बाटली त्यांनी तशीच धरून ठेवली. बाहेर मधल्या सुट्टीचा गलका चालू होता, हळदीच्या बाजाराकडून वारा येत होता, मी हातातल्या पेनाकडे बघत होते. ते काही विचारत नव्हते, नुसते थांबले होते, आणि मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी यादीवर खूण केली. मामांनी बाटली खाली ठेवली आणि पुढची उचलली.

मुलींपर्यंत बातमी पोचायला वेळ लागला नाही. मामांना दिसत नाही, मामांनी मासे मारले. पाचवीच्या मुली मधल्या सुट्टीत टँककडे येईनाशा झाल्या. कुणी पाणी प्यायला त्या बाजूला आलीच तर मामांना वळसा घालून जाई. मामा मात्र वेळेवर येत, वहाणा काढत आणि मोजणी करत. डाव्या खिशात आता नऊच चिंचोके, त्यामुळे मोजणी लगेच संपायची. तरी ते सुट्टी संपेपर्यंत तिथेच उभे राहत, हात मागे बांधून, आणि मुली आवाराच्या दुसऱ्या टोकाला खेळत. प्रयोगशाळेच्या खिडकीतून मला हे रोज दिसायचं. मी खिडकी लावून घ्यायला लागले, तरी करकर वाजत आलेल्या वहाणा टँकपाशी थांबल्या की मला ऐकू येई.

अकराव्या दिवशी मी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लोटलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या की झालं ते झालं, मामा निवृत्तच होताहेत, त्यांचं काही पेन्शन बुडत नाही, तुमची फाईल मात्र अध्यक्षांपुढे आहे आणि आता तुम्ही हे बोललात तर मीही तोंडघशी पडेन. हा विषय संपला, असं म्हणून त्यांनी समोरचा हजेरीपट उघडला.

मी तशीच जिन्यापाशी गेले. मामा कॅन भरत होते. मी म्हटलं, मामा, ते मी केलं होतं, मोठ्या बाईंना आत्ता सांगून आले.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "ऐतवारी दार उघाडलं तवाच वास आला." त्यांनी कॅनचं टोपण लावलं. मग चष्मा काढून त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. "बाईंस्नी सांगून काय उपेग? त्यांचं काय गेलं? पोरींस्नी सांगा."

रात्रभर मी आबांना काय सांगायचं याचाच विचार करत होते. मुलींना काय सांगायचं यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. सकाळी परिपाठाला राष्ट्रगीत झालं, प्रार्थना झाली, बातम्या झाल्या. बोधकथेची पाळी ज्या मुलीची होती तिला मी खाली बसवलं आणि माईक घेतला. चार वाक्यांत सांगितलं. आम्ल मी ओतलं. मला घाई होती. मामांनी एकही मासा मारला नाही, उरलेले त्यांनीच वाचवले. त्यांच्या डोळ्यांना चांगलं दिसतं आणि त्यांच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसले. मोठ्या बाई ओळीच्या टोकाला उभ्या होत्या, त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या वर्षी माझ्या फाईलवर सही झाली नाही, ते ठीकच आहे.

मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत बसून होते. व्हरांड्यात पावलं वाजली, एकदोन, मग पुष्कळ. पाचवीच्या मुली टँकभोवती गोळा झाल्या होत्या, काचेपासून वीतभर लांब. मग त्यांच्यातली सगळ्यात बोलकी, जिने त्या काळ्या मॉलीला नाव ठेवलं होतं, ती म्हणाली, "मामा, तुम्हाला माहीत होतं ना बाईंनी केलंय ते? मग तुम्ही का नाही सांगितलं?"

मला वाटलं, आता ते माझ्याविषयी काहीतरी चांगलं बोलतील. बाईंची नोकरी, बाईंचं वय, असं काहीतरी. खुर्चीत बसल्या बसल्या मी त्याची वाटसुद्धा बघत होते.

"सांगितलं असतं की," मामा म्हणाले. "पर मला कुनी इचारलंच न्हाई, बाय."